अकरावं दारं

टेकडीवरच्या वाटेला दोन्ही बाजूंनी सिमेंटची सलग कड बांधणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदा तरी पाऊस पाहिला आहे का, असा माझा सरळ प्रश्न आहे. उत्तरही मला माहीत आहे. पाहिला आहे. माझ्या शेजारी उभं राहून, याच टेकडीवर, ढोपरापर्यंत चिखलात पाहिला आहे. म्हणून तर जास्त राग येतो.

परवा अक्काचा फोन आला. धुळ्याबाहेर कवठ्या टेकडीच्या पायथ्याशी दहा-बारा घरांची वस्ती आहे, तिथल्या सगळ्यात वरच्या घरात अक्का राहते, सहा शेळ्यांसह. नात्याची नाही, टेकडीवरच्या दिवसांतली आमची अक्का. ती रडत नव्हती. ती रडते तेव्हा मी घाबरत नाही. चिडून हळू बोलते तेव्हा घाबरते.

"माय व, मना घरमा पाट उना."

माझ्या घरात पाट आला. दोन दिवस भर थंडीत झड लागली होती. टेकडीवरचं सगळं पाणी नव्या फरसबंद वाटेवरून खाली येत होतं आणि वाट संपते तिथून सरळ अक्काच्या मागच्या भिंतीवर आदळत होतं. भिंत मातीची आहे.

"आजना दिन निंघी जाई," अक्का म्हणाली. "सकायनं माले माहीत नही."

आजचा दिवस निघेल. उद्याचं तिला माहीत नव्हतं. मी जळगावहून पहाटेची एसटी धरली.

पारोळ्याच्या पुढे खिडकीबाहेर गहू आडवा झालेला दिसला. काचेच्या फटीतून पाणी माझ्या मांडीवर गळत होतं. गाडीत ओल्या घोंगड्यांचा, ओल्या माणसांचा वास होता, आणि कुणाच्या तरी पिशवीत मेथी होती. हा वास आला आणि मला ती पहिली झड आठवली. हिवाळ्यातला पाऊस फार नीच असतो. पावसाळ्यातला निदान सांगून येतो, त्याची वाट बघितलेली असते. हा माणसाच्या स्वेटरमध्ये शिरतो, हरभऱ्याच्या घाट्यात शिरतो, रचून ठेवलेल्या काड्यांच्या पोटात शिरतो, आणि मग चार दिवस काहीच पेटत नाही.

तेव्हा मी कॉलेजात होते आणि आमच्या गटाची पत्रकं लिहायचे. गुलाबी कागद, स्वस्त शाई, दर वाक्याला उद्गारचिन्ह. टेकडी पोखरून मुरूम नेणारे ट्रॅक्टर आम्ही अडवले होते, आणि ते पुन्हा येऊ नयेत म्हणून टेकडीवर रोज माणसांची पावलं उठली पाहिजेत, असं आमच्या सरांनी सुचवलं. सर म्हणजे शाळेतले चित्रकलेचे शिक्षक. अक्षर असं की फळ्यावरचं पुसायला मुलं तयार नसायची. "वाट बांधू," ते म्हणाले. "जिथे वाट आहे तिथे ट्रॅक्टर चढवताना माणूस विचार करतो." मग दर रविवारी आम्ही चौदा जण, सर धरून. मोठी माणसं येऊन याला श्रमदान म्हणायची आणि मला संताप यायचा. दान कसलं? टेकडी आमची होती, पाठ आमची होती, दुखणंही आमचंच होतं.

त्या रविवारांचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. ओला मुरूम फोडला की त्यातून लोखंडासारखा, थंड वास येतो. पायथ्याची काळी माती चपलेला असा लळा लावते की दहा पावलांनी माणूस चार बोटं उंच होतो. वर कवठाचं एकच झाड होतं, त्याच्यावरून टेकडीचं नाव पडलेलं. पिकलेलं कवठ दगडावर पडून फुटलं की तो आंबट, जड वास धुक्यात अडकून राहायचा. घमेल्यात मुरूम पडल्याचा आवाज, टिकाव दगडाला लागला की दातांत जाणारा तो झटका, आणि धुक्यात कुठेतरी अक्काच्या शेळ्यांची घंटा. शेळ्या दिसायच्या नाहीत. घंटाच फक्त टेकडी चढायची.

दुपारी भरीत. कपाशीच्या ओल्या काड्या पेटायच्या नाहीत, नुसत्या धुमसायच्या, आणि हिरवी वांगी अर्धी भाजून अर्धी उकडून निघायची. धूर खाल्लेलं ते भरीत, वर कांद्याची पात, कळण्याची भाकरी, हाताला मुरुमाचा लाल रंग. "डोळ्यातून पाणी येतंय म्हणजे मिरची बरोबर आहे," असं सर म्हणायचे. धूर डोळ्यांत गेलाय हे सगळ्यांना कळत होतं.

आता आमची चूक सांगते. ती आमच्याच हातून होऊ शकत होती.

सरांनी चुन्याच्या फक्कीने टेकडीवरून खालपर्यंत दोन रेघा मारून दिल्या आणि म्हणाले, या दोन रेघांच्या मधे वाट. आम्ही तेराही जण वावरात वाढलेले. सावद्याकडच्या केळीच्या बागेतले दोघे, नरडाण्याकडचे तिघे, बाकीचे पांझरेच्या काठचे. लहानपणापासून फावडं हातात घेतलं ते पाण्यासाठी. त्यामुळे दोन रेघा दिसल्याबरोबर हातांनी डोक्याला न विचारता जे करायचं ते केलं. दोन्ही रेघांवर दगड लावले, फटींत काळी माती लिंपली, मधली जमीन चोपून चोपून पाटासारखी गुळगुळीत केली. आम्हाला वाटलं वाट किती देखणी झाली. मी पत्रक काढलं, "टेकडीला वाट मिळाली!!!"

पुढच्या रविवारी झड लागली. वरून पाणी आलं आणि आमच्या वाटेत शिरलं. एक थेंब बाहेर सांडला नाही. इतकं नेटकं, इतकं शहाण्यासारखं पाणी मी कुठल्या कालव्यात पाहिलं नाही. ते वळणावर वळलं, उतारावर जोर धरला, आणि तळाशी अक्काच्या अंगणात जाऊन तिच्या चुलीत घुसलं. चूल विझली. एक रबरी चप्पल तरंगत शेजारच्या दारात गेली.

अक्काचे वडील, आबा, कमरेला हात लावून खालून वर आले. पांझरेकाठच्या एका गावात ते उभं आयुष्य पाटकरी होते. तिकडे फडाचं पाणी असतं: नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाचं पाणी कुणाच्या वावरात किती वेळ जायचं ते पाटकरी ठरवणार. वावराचा मालक असाल तुमच्या घरी. पाण्याला हात पाटकऱ्याचाच. थकल्यावर ते लेकीकडे येऊन राहिले होते आणि तीन रविवार शेळ्यांमागे बसून, विडी ओढत, आमचं काम बघत होते.

चढून वर आले, वाटेतून धावणारं पाणी पाहिलं आणि असे हसले की त्यांना खोकला लागला.

"आरे, बठ्ठासनी मिळीसन पाट बनाडा! आते खाले गहू पेरा!"

सगळ्यांनी मिळून पाट बनवला. आता खाली गहू पेरा. सरांचा चेहरा पडला. मला राग आला. मला तेव्हाही लगेच यायचा.

"तीन आठवडे बघत होतात आबा, मग बोलला का नाहीत?"

"माले कोनी इचारं?"

मला कुणी विचारलं? आम्ही टेकडीच्या हक्काबद्दल हजार पत्रकं वाटली होती आणि टेकडीखाली राहणाऱ्या माणसाला एक प्रश्न विचारला नव्हता. हे तेव्हा मला कळलं नाही. तेव्हा फक्त कान गरम झाले.

मग आबांनी वाट हातात घेतली. दर रविवारी सकाळी, कामाला हात लावण्याआधी, ते तांब्याभर पाणी वाटेवर हळूच ओतायचे आणि आम्ही सगळे गप्प उभे राहायचो. तेरा बोलभांड पोरं, आणि गप्प. पाणी थोडं थबकायचं, जरा या अंगाला, जरा त्या अंगाला करायचं आणि मग कुठल्या तरी बाजूला घरंगळायचं. आबा तिथे अंगठ्याने माती दाबायचे. "आठे दारं." इथे दारं. म्हणजे उताराच्या अंगाची कड तिथे फोडायची, वाटेत तिरपा दगड बसवायचा, पाणी त्या दगडाला लागून बाहेर, बाजूच्या ओघळीत. पाटाला दारं असतात ती पाणी वावरात घ्यायला. आमची दारं पाणी वाटेवरून हाकलायला. "मोठं दारं नको," ते सांगायचे. "बठ्ठं पानी एक जागे सोडं ते ते रागावस." सगळं पाणी एकाच जागी सोडलं तर ते रागावतं. म्हणून लहान लहान, चौदा.

चौदा दारं, चौदा माणसं. हीसुद्धा त्यांच्या गावची रीत. पाणी सुटण्याआधी पाट साफ करायला घरटी एक माणूस, ज्याचा त्याचा तुकडा ज्याने त्याने. जो आला नाही त्याला कुणी काही बोलत नसे. त्याच्या वावराची पाळी आली की पाटकरी तेवढा वेळ दुसरीकडे बघत उभा राही. सरांनी प्रत्येक तिरप्या दगडावर लाल तेलरंगाने आकडा आणि नाव लिहिलं, त्या सुंदर अक्षरात. पहिलं सगळ्यात वरचं, सरांचं. अकरावं माझं, कवठाखाली. दर रविवारी आपल्या दारात साचलेला पाला, गाळ, शेळ्यांच्या लेंड्या हाताने काढायच्या. थंडीत बोटं वाकायची नाहीत. आबा मागे उभे राहून बघायचे आणि एकदा मला म्हणाले, "माय, तुना हात चांगला शे. तोंड जरासं कमी चालाड."

हे माझ्याबद्दल कुणीही म्हटलेलं सगळ्यात चांगलं वाक्य आहे.

पुढची झड आली तेव्हा आम्ही छत्र्या उघडून वाटेवर उभे राहिलो. पहिल्या दाराने आपला घोट बाहेर टाकला, दुसऱ्याने टाकला, तिसऱ्याने. चौदाव्यापर्यंत पोचेस्तोवर वाटेवर फक्त ओल उरली. सर माझ्या छत्रीखाली होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिथे धूर नव्हता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

एसटीतून उतरून चालत टेकडीशी आले तर आधी लोखंडी कमान. कमानीच्या आत फायबरचं हरीण, त्याचा एक कान तुटलेला. सेल्फी पॉइंट. पाटी: शेळ्या, गुरे व खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई. कवठाभोवती गोल सिमेंटचा ओटा, झाडाचा गळा आवळल्यासारखा. आमच्या वाटेवर लाल-पिवळे सिमेंटचे गट्टू. दोन्ही अंगांना कड, वीतभर उंच, वरपासून खालपर्यंत सलग, एक फट नाही. आणि तिच्यातून पाणी धावत होतं. नेटकं. शहाण्यासारखं. एक थेंब बाहेर न सांडता. कमानीजवळच्या संगमरवरी फरशीवर उद्यान समितीच्या अध्यक्षांचं नाव कोरलेलं होतं. सरांचं.

वाट आता माणसं चालायला बांधलेली नाही. पहाटे गाडीतून येणारे पांढरे बूट ओले होऊ नयेत म्हणून बांधली आहे, आणि त्यासाठी खालच्या बाईचं घर ओलं झालं तर चालतं. बुटांना मत आहे, शेळ्यांना नाही. पत्रकात लिहिलं असतं तर एवढंच लिहिलं असतं.

अक्का घराच्या मागे होती. भिंतीला पोती लावली होती, पोत्यांमागून पाणी झिरपत होतं आणि भिंतीचं पोट पुढे आलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या चपलांकडे.

"उनी का? चहा नही भेटाव. चुल्हा बुडना."

"अक्का, दारं कधी बुजवली?"

"दिवाळीनंतर. मी सांगं त्यासले. म्हणे, मॅडम, वरून डिझाईन आलंय." ती 'मॅडम' असं म्हणाली की ऐकणाऱ्याला शिवी लागावी. "माले मॅडम म्हणे! सहा बकऱ्यांसनी मॅडम!"

"आबा असते तर..."

"बाबा उन्हाळामाच गयात. बरं झायं. हाई पाट पाहीसन पुन्हा हसतात नि खोकलीखोकली मरतात." ती पोतं दाबत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुनं दारं बाबा साफ करे. तू गई तैपासून. दर आयतवारे."

माझं दारं. दर रविवारी. मी जळगावला नोकरीला गेले त्याला पाच वर्षं झाली. या पाच वर्षांत मी पर्यावरणावर अकरा शिबिरं घेतली आणि एकदाही इथे आले नाही. सरांवर ओरडायला तोंड उघडत होते ते तसंच राहिलं. आबांच्या रीतीत जो आपल्या तुकड्यावर आला नाही त्याच्याकडे पाटकरी बघत नसे. माझ्यासाठी मात्र ते कंबर वाकवून लेंड्या वेचत होते. त्यापेक्षा दुसरीकडे बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"पहार कुठेय?" मी विचारलं.

अक्काने पहार दिली, आणि आबांचं फावडं. दांडा त्यांच्या हाताने मधे बारीक झालेला.

कवठाच्या जरा खाली, उताराच्या अंगाच्या कडेला मी पहार घातली. सिमेंट ओलं, पण आतून कोरडं आणि हट्टी होतं. पहिल्या घावाने फक्त टवका उडाला, दुसऱ्याने हात झिणझिणले. तोच झटका, दातांत जाणारा. विसाव्या की तिसाव्या घावाला कड चिरली. मी तुकडे उपसले, दोन गट्टू काढले, खालची वाळू ओरबाडली. वाळूखाली मुरूम, मुरमात दगड, तिरपा, आबांनी बसवला होता तसाच. गट्टू बसवणाऱ्यांनी दगड काढलाही नव्हता! वरून फरशी टाकून मोकळे झाले होते. पाण्याने चिखल धुतला आणि लाल रंग दिसला. ११. आणि माझ्या नावाची पहिली दोन अक्षरं.

पाणी दगडाला लागलं, थबकलं आणि बाहेर वळलं. ओघळीत पडताना त्याचा आवाज बदलला.

"ए! काय चाललंय? कोण आहे तिकडे?"

सर. मोठी काळी छत्री, पायात पांढरे बूट. मला ओळखल्यावर जरा थांबले.

"तू? अगं, हे काय बेटा... सरकारी काम आहे हे. कुणाच्या परवानगीने फोडलंस?"

मी बाजूला झाले. आबा म्हणाले होते, तोंड जरा कमी चालव. सरांनी वाकून पाहिलं. दगडावर त्यांचंच अक्षर होतं, अकराच्या पहिल्या एकाला त्यांची ती जुनी गिरकी होती.

ते बराच वेळ वाकून होते. छत्रीवरून पाणी त्यांच्या पाठीवर पडत होतं.

"मी तेव्हाच म्हटलं होतं बैठकीत," ते शेवटी म्हणाले, "की खाली घरं आहेत. पण दिसायला सलग पाहिजे म्हणाले. आणि तुला माहितेय, एकट्याने किती..."

"एकट्याने नाही हो सर. चौदा जण होतो. अध्यक्ष तुम्ही एकटे आहात."

"तक्रार करावी लागेल मला. माझी जबाबदारी आहे."

"करा. अक्षर चांगलं आहे तुमचं."

खालून अक्का चढत आली. हातात तांब्या, पदर डोक्यावर, पाय उघडे. पाटीवरच्या मनाईकडे न बघता तिच्यामागे दोन शेळ्याही आल्या, घंटा वाजवत. ती सरांकडे पाहत नव्हती.

"भिंत हुभी शे," ती म्हणाली. "पानी कमी झायं. पन हाई एक दारं पुरनार नही. बठ्ठं आठेच पडी राह्यनं. बाबा काय म्हणेत?"

ओघळीकडे पाहिलं. सगळं पाणी एकाच जागी पडत होतं आणि माती कापायला लागली होती. रागावत होतं.

"किती फोडणार आहेस?" सरांनी विचारलं. आवाज शिक्षकाचा नव्हता.

"सगळी. आता दहावं, मग नववं. पहिलं तुमचं आहे. तिथे पोचायला मला संध्याकाळ होईल. तोवर ठरवा."

सर उभे राहिले. फोन हातात घेतला, खिशात ठेवला, पुन्हा काढला. कुणाला लावणार होते ते मी पाहिलं नाही. मी दहा पावलं वर गेले. नेमकी जागा आठवत नव्हती. पाच वर्षं कमी नसतात. अक्काने मला कोपराने बाजूला सारलं आणि तांब्यातलं पाणी गट्टूंवर हळूच ओतलं.

आम्ही गप्प उभे राहिलो. पाणी थबकलं, जरा या अंगाला झालं, जरा त्या अंगाला. मग कडेला जाऊन टेकलं आणि वाट बघत राहिलं.

"आठे," अक्का म्हणाली.

मी पहार उचलली.